तिकीट अर्धे झाले, रस्त्याचे काय?

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले. आम्हाला आनंद झाला. पण सांगलीच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, तिकीट अर्धं झालं, पर वेळेवर गाडी हाय कुठं?"

ती कुपवाडला राहते, विश्रामबागेत धुणीभांडी करते. सकाळी मुलीला अंगणवाडीत सोडायचे, मग कामाची घरे, येताना रेशन, मध्येच सासूच्या औषधासाठी मिरज. वडाप भरेपर्यंत थांबायचे, नाहीतर चालायचे. अंधारात परतायची भीती वाटते म्हणून तिने संध्याकाळचे एक घर सोडले. तेवढी मजुरी बुडाली. हा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात धरला जातो?

शहर आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो घरून थेट कामावर जाणारा, स्वतःच्या गाडीवरचा पुरुष. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा, हातात पिशवी, कडेवर मूल. साताऱ्यात पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर २०२१ साली खुला झाला. वाहनांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण राजवाड्यापासून नाक्यापर्यंत चालणाऱ्या बाईला सलग, उजेडाचा पदपथ मिळावा म्हणून एवढी धडपड कधी झाली?

पर्यावरण म्हटले की आपल्याला झाडे लावायला सांगतात. खरे तर चालणाऱ्या आणि बसने जाणाऱ्या बायकाच शहराचा धूर कमी ठेवतात, पण नाइलाजाने. शहर त्याची त्यांना शिक्षाच देते. उद्या चार पैसे हाती आले की तीही स्कूटी घेईल. तिला दोष कसा देणार?

सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एका महानगरपालिकेत आली. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा हक्कही आहे. पण तो आराखडा आपल्यापैकी किती जणींनी पाहिला आहे?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढू या. कुठे अंधार, कुठे थांबा नाही, कुठे रस्ता ओलांडता येत नाही, ते त्यावर मांडू या. सह्या करून तो नगरसेविकेच्या हाती देऊ, आराखडा निघेल तेव्हा हरकत म्हणून दाखल करू. सवलत सरकारने दिली. रस्ता मात्र आपल्यालाच मागून घ्यावा लागेल.