श्रद्धेचें खत व कृतीची वहिवाट

प्रभादेवीचें सिद्धिविनायक मंदिर १८०१ सालचें; जवळच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ सालची. तें चर्च तारणमातेच्या नांवाचें आहे. परंतु तारण श्रद्धेनें कीं सत्कर्मानें, हा ख्रिस्ती धर्मांतील जुना वाद होय. पौलानें श्रद्धेस अग्रस्थान दिलें; कृतीवांचून श्रद्धा मृतवत्, असें याकोबानें बजाविलें. ल्यूथरनें पौलाचा पक्ष उचलला आणि ख्रिस्ती जग दुभंगलें. अखेर १९९९ सालीं ऑग्सबर्ग येथें ल्यूथरन व रोमन कॅथॉलिक पंथांनीं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: मनुष्य ईश्वरी कृपेनें, विश्वासाच्या द्वारें नीतिमान ठरतो, सत्कर्में हीं त्या कृपेचीं फळें. दावा बहुतांशीं तडजोडीनें मिटला.

हा निवाडा महाराष्ट्रानें पूर्वींच डोळ्यांनीं पाहिला होता. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पतित स्त्रियांस जवळ करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचें कार्य पाहून त्यांचें मन वळलें होतें. ख्रिस्तावरील पूर्ण विश्वास आपणांस पुढें कांहीं वर्षांनीं लाभला, असें त्या स्वतः सांगत. त्या श्रद्धेचें फळ १८९६-९७ च्या दुष्काळांत दिसलें. मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली त्यांनीं आणिल्या व केडगांवास मुक्तिसदन उभें राहिलें.

१८९३ सालीं शारदासदनांतील धर्मप्रसाराविरुद्ध पुण्यांत वादळ उठलें. रानडे-भांडारकरांनींही सल्लागार मंडळ सोडलें. ती भीति निराधार नव्हती. पण अण्णासाहेब कर्व्यांसारखे थोडे वगळतां, त्या मुलींकरितां स्वधर्माभिमान्यांनीं काय केलें? कायद्याच्या भाषेंत श्रद्धा हें खरेदीखत, सत्कर्म ही वहिवाट. खत पेटींत जपून वहिवाट सोडणाऱ्याची जमीन अखेर दुसऱ्याची होते. मग त्यानें परक्यास दोष देऊन काय उपयोग?

चर्च व मंदिर यांस जोडणाऱ्या रस्त्यास रावबहादुर सीताराम केशव बोले यांचें नांव आहे. सार्वजनिक विहिरी व तळीं अस्पृश्यांस खुलीं करण्याचा ठराव त्यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत संमत करून घेतला. तोही बरींच वर्षें बहुतांशीं कागदावरच राहिला. १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी महाडास चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां वहिवाट सुरू झाली. आणि तिच्याकरितां त्यांस मार खावा लागला.

मंगळवारीं सिद्धिविनायकापुढें रांग लागते, रविवारीं चर्च भरतें. दोहोंकडची श्रद्धा खरी आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, देवापुढून उठलेला भक्त बोल्यांच्या रस्त्यावर उतरल्यावर कोणाच्या उपयोगीं पडतो?