बेअदबीचा दंड आणि विहिरींचें पाणी

न्यायालयाचा हुकूम होऊनहि बेकायदा सांठविलेला विषारी गाळ जो हलवीत नाहीं, त्यास शिक्षा काय? १९७१ च्या कायद्यान्वयें बेअदबीबद्दल फार तर सहा महिने साधी कैद, किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय माफी मागून सुटण्याची वाट मोकळी आहेच. दोन हजारांत गाळाच्या किती गाड्या हलतील, हें वाचकांनींच पाहावें.

उदयपूरजवळील बिछडी गांवीं रासायनिक कारखान्यांचा सुमारें २,४४० टन गाळ पडला. तो जमिनींत मुरून विहिरींचें पाणी माणसांस, गुरांस व पिकांस निरुपयोगी झालें. सफाईचा खर्च कारखानदारांकडून वसूल करावा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. अर्जांमागून अर्ज करून त्यांनीं पंधरा वर्षें काढलीं! आमची नोकरी मामलेदार कचेरींत गेली. सारा थकलेल्या कुणब्यास इतकी सवड मिळालेली आम्हीं पाहिली नाहीं.

अखेर २०११ मध्यें न्यायालयानें ३७ कोटी ३८॥ लक्ष रुपयांवर दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज व १० लक्ष रुपये खर्च बसविला. आमच्या मतें हाच खरा दंड होय. कैदेनें विहीर निवळत नाहीं. व्याजानें मात्र दिरंगाई महाग पडते. असें व्याज पहिल्याच हुकुमांत, मुदत संपल्या दिवसापासून लागू करावें.

ज्यांच्या बांधालगत असा गाळ सांठत असेल, त्यांनीं पाण्याचा नमुना तपासवून पंचनामा करवावा आणि अर्जाची पोंच जपून ठेवावी. तोंडी तक्रारीची नोंद कोणत्याहि दप्तरांत राहत नाहीं.