समुद्राकाठच्या घराला दार कोणतं?

पहिला पाऊस पडला की समुद्राकाठच्या घरात एक तक्रार हमखास सुरू होते, ‘दार फुगलंय.’ लाकूड दमट हवेतला ओलावा शोषतं आणि पल्ला चौकटीत घट्ट अडकतो. आपण खांदा लावून उघडतो, पण घरात एकट्या असलेल्या आजींनी काय करायचं? तुमचं घर रत्नागिरीत असो की विशाखापट्टणमला, दार बदलायचं असेल तर कंपोझिट दाराचा विचार जरूर करा. मात्र नुसता पल्ला पाहून पैसे देऊ नका.

कुठे कोणतं दार?

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. ते पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. बाथरूमसाठी ते उत्तम. पण कडक उन्हात ते प्रसरण पावतं, रंगही फिका पडतो. मुख्य दारावर थेट ऊन येत असेल तर फायबरग्लासचं आवरण असलेलं एफआरपी दार बघा, तेही बाहेरच्या वापरासाठी बनवलेलं. रंग फिकट निवडा, गडद रंग जास्त तापतो.

विकत घेण्यापूर्वी

* डब्ल्यूपीसीचा छोटा तुकडा मागून घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, २ दिवस पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन बरंच वाढलं तर तो माल नको.
* चौकट जुनी लाकडीच ठेवली तर ती फुगेल आणि नवं दारही अडकेल. चौकटही बदला.
* फरशी बसवून झाल्यावरच माप द्या. एफआरपी दार खालून कापलं तर आतला गाभा उघडा पडतो आणि पाणी शिरतं.

बिजागरीकडे दुर्लक्ष नको

खाऱ्या वाऱ्यात दाराआधी बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात. साधं लोखंड नकोच. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड खारी हवा जास्त सोसतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. ते महाग पडतं, पण बिजागऱ्या, कडी आणि स्क्रू सगळं त्याच ग्रेडचं घ्या. चुंबक लावून या दोन ग्रेडमधला फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

देखभाल सोपी

छपराखालच्या दारावर पाऊस पडत नाही, त्यामुळे त्यावर बसलेलं मीठ धुतलं जात नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दार, कडी आणि बिजागऱ्या पुसा, मग कोरड्या करा. ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर मात्र लावू नका, त्याने स्टीलही गंजतं.

दार बसवून झालं की सुताराला लगेच जाऊ देऊ नका. आधी आजींना एका हाताने उघडून बघायला सांगा. त्यांना जमलं, तरच काम पूर्ण झालं.