रमी शिकताना आणि शिकवताना

ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, तेथे संध्याकाळ मोठी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे जमली की ती कशी घालवावी, हा प्रश्न उभा राहतो आणि कपाटातून पत्त्यांचे कॅट बाहेर निघतात. भिकार-सावकार, बदाम सात या खेळांत लहान मुले रमतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र त्यांचा कंटाळा येतो आणि ती रमी शिकवा म्हणून मागे लागतात. हा हट्ट पुरवावा की नाही, याविषयी अनेक घरांत दोन मते असतात. सप्तव्यसनांत द्यूताचा उल्लेख प्रथम येतो, हे जेथे लहानपणापासून कानांवर पडलेले असते, तेथे आजीच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या खेळात नेमके काय आहे, ते शांतपणे पाहणे इष्ट ठरेल.

आपल्याकडे प्रचलित असलेली रमी तेरा पानांची. दोन कॅट आणि प्रत्येकातील एक छापील जोकर मिळून १०६ पाने होतात. चौघांना वाटल्यावर ५२ पाने हातांत जातात, एक पान जोकर ठरवण्यासाठी काढले जाते, एक उघडे ठेवले जाते आणि गड्डीत पुन्हा ५२ उरतात. पाळीपाळीने एक पान उचलावे, एक टाकावे आणि तेराही पाने सिक्वेन्स व सेट यांत बसवावीत. किमान दोन सिक्वेन्स हवेत. त्यांतला एक जोकरच्या मदतीशिवाय झालेला, म्हणजे प्युअर हवा. तो नसेल तर बाकीची पाने कितीही सुरेख जुळलेली असोत, सर्वांचे गुण अंगावर बसतात. चित्रे व एक्का यांचे प्रत्येकी १०, इतर पानांचे अंकाप्रमाणे आणि कमाल मर्यादा ८०.

नवशिक्याला पहिला मोह राजा आणि एक्का यांचा होतो. त्याला कागदावर मांडून दाखवावे, की राजा केवळ दोन प्रकारच्या तीन पानी सिक्वेन्समध्ये बसतो: गुलाम-राणी-राजा किंवा राणी-राजा-एक्का. सत्ती मात्र पाच-सहा, सहा-आठ आणि आठ-नऊ अशा तीन जोड्यांशी जुळते. शिवाय अंगावर राहिली तर तिचे सातच गुण भरावे लागतात. दुसरा धडा टाकलेल्या पानांचा. इस्पिकची अठ्ठी दोन कॅटांत दोनच असतात. एक टाकली गेली, दुसरी समोरच्याने उचलली, तर तिच्या आशेवर प्युअर सिक्वेन्स अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तिसरा धडा माघारीचा. अनेक ठिकाणी वाईट हात आल्यास आरंभीच २० गुण देऊन डाव सोडता येतो, खेळायला लागल्यावर सोडल्यास ४० लागतात आणि हट्टाने रेटला तर ८० पर्यंत मजल जाते. ठरावीक तोटा वेळेवर पत्करून बाजूला होणे पुष्कळ मोठ्या माणसांनाही जमत नाही. मुलाला ते चटईवर बसून शिकता येते.

खेळाच्या या स्वरूपाची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. आंध्र प्रदेशातील एका क्लबच्या खटल्यात १९६७ साली न्यायालयाने सांगितले, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे, यात बरेच कौशल्य लागते. या निकालाचा एवढाच भाग लोकांच्या ध्यानात राहिला. त्याच निकालात असेही म्हटले आहे, की क्लबचा मालक पैसे लावून चालणाऱ्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा ठरू शकतो.

या दुसऱ्या भागाचे मर्म साध्या हिशेबाने उलगडते. समजा, सहा जण प्रत्येक डावाला १०० रुपये लावतात आणि डाव चालवणारा जमलेल्या ६०० रुपयांतून १० टक्के, म्हणजे ६० रुपये काढून घेतो. असे शंभर डाव झाले तर ६,००० रुपये त्याच्याकडे जातात. कोण जिंकले, कोण हरले, याने या आकड्यात काहीच फरक पडत नाही. सहाही जण सारखेच हुशार असतील, तर सरासरीने प्रत्येकाचे १,००० रुपये गेलेले असतात.

‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य मोबाईलवरील जाहिरातींत आश्वासनासारखे वापरले जाई. वस्तुतः त्यात इशारा आहे. निव्वळ नशिबाच्या खेळात नवशिक्याला निष्णाताइतकीच संधी असते. खेळ जितका कौशल्याचा, तितका निष्णातापुढे नवशिक्याचा पराभव निश्चित. नुकतीच नोकरी लागलेला तरुण दोन-चार डाव जिंकतो, ते स्वतःचे कौशल्य समजतो आणि हरल्यावर मात्र नशिबाला दोष देऊन गेलेले पैसे परत मिळवायला बसतो. तेथून उसनवारीकडे जाणारी वाट फार लांब नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती या अनुभवांच्या पार्श्वभूमीवरच.

तेव्हा आजीची आठी निराधार नाही आणि नातवंडांची मागणीही गैर नाही. पाने जुळवणे म्हणजे द्यूत नव्हे. दुसऱ्याच्या खिशातील पैसा आपल्याकडे यावा, ही इच्छा त्यात शिरली की द्यूत सुरू होते. ‘दिवाळीचा शकुन’ म्हणून लावलेला एक रुपयाही मुलाला हीच इच्छा शिकवतो, रक्कम लहान असली तरी. म्हणून घरात रमी शिकवताना तीन गोष्टी पाळाव्यात. गुण वहीत लिहावेत किंवा चिंचोक्यांनी मोजावेत. किती डाव खेळायचे, ते बसण्यापूर्वी ठरवावे आणि हरणाऱ्याने ‘आणखी एकच’ म्हटले तरी ते वाढवू नयेत. शेवटच्या डावानंतर सर्वांचे चिंचोके एकाच डब्यात परत जावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी जिंकलेला आणि हरलेला पुन्हा बरोबरीने खेळायला बसतील.