'लोड नको घेऊ' म्हणजे नक्की काय?

होस्टेलमध्ये दिवसातून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा शब्द कोणता? सांगायची गरज आहे का? 'लोड'! सबमिशन राहिलं? लोड नको घेऊ. के.टी. लागली? भावा, लोड नको घेऊ. 'तिने' नाही म्हटलं? अरे, एवढा काय लोड घेतो!

शब्द एकच, पण प्रत्येक ब्रँचचा लोड वेगळा. सिव्हिलवाल्यांचा डेड लोड आणि लाइव्ह लोड. इलेक्ट्रिकलवाल्यांचा किलोवॅटमध्ये. कॉम्प्युटरवाल्यांचं पेज बिचारं 'लोड होतंय'. गावाकडे विहिरीवरची मोटर लोड घेत नाही, आणि कांद्याचा ट्रॅक्टर लोड होऊन लासलगावला जातो. शिवाय लोडशेडिंग! 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने त्यातच काढली. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र नाशिककरांच्या उशाशी, तरी लाईट जायचीच.

आता गंमत बघा. यातला एकही लोड 'घेऊ नको' म्हटल्याने नाहीसा होत नाही. स्लॅबचा लोड बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा फुटिंगवर आणि शेवटी जमिनीवर. कोणीतरी तो घ्यावाच लागतो. आय.एस. 456 तर डेड आणि लाइव्ह लोडला दीडने गुणून मगच डिझाइन करायला सांगतं. लोडशेडिंगमध्येसुद्धा ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झजवळ राहावी म्हणून कुणाला तरी अंधारात बसावं लागतं.

आमच्या विंगमध्ये एक मित्र होता. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, भाव कोसळले. त्याच्या घरचा सगळा हिशेब त्या कांद्यावर. तो मेसला कमी यायला लागला, लेक्चर बुडवायला लागला. आम्ही काय केलं? येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "लोड नको घेऊ रे!" एका सकाळी त्याची कॉट रिकामी दिसली. फी भरायची राहिली होती, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. कदाचित आम्ही काहीच करू शकलो नसतो. पण "किती भरायचे राहिलेत?" एवढं तरी विचारता आलं असतं. बीमचं गणित करताना आपण आधी लोड किती आणि कुठे, हेच विचारतो ना? मित्राला मात्र न विचारताच उत्तर सांगून मोकळे!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'लोड नको घेऊ' हा धीर नाही, ती आपली पळवाट आहे. सर लोकांनीही "टेन्शन घेऊ नका" म्हणून पुढे जाण्याआधी दोन मिनिटं थांबावं, ही नम्र विनंती.

आणि हो, मराठीत एक 'लोड' आधीपासून आहे, बरं का! आजोबांच्या बैठकीवरचा, पाठ टेकायचा, तक्क्याचा जोडीदार. पुढच्या वेळी रूममेटचा चेहरा उतरलेला दिसला तर तो लोड व्हा. निदान चहा पाजून विचारा, "बोल, किती आहे?"