तण औषध पचवतं, आपण धडा कधी पचवणार?

आष्ट्यातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. लागण झाली की पाठीवरचे पंप निघतात आणि अ‍ॅट्राझिनची फवारणी होते. तण मरतं, ऊस मात्र डोलत राहतो. असं का होतं, याचा आपण कधी विचार केला आहे का?

अ‍ॅट्राझिन वनस्पतीतील प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. ते उसातही शिरतं. पण उसातलं एक एन्झाइम त्याला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ जोडतं आणि औषध निकामी होतं. थोडक्यात, ऊस विष पचवतो. तणाला ते जमत नाही, म्हणून ते मरतं.

पण तणालाही हे जमू लागलं तर? आपल्याच देशात असं घडलं आहे. पंजाब-हरियाणात गव्हासारखंच दिसणारं एक तण आहे, तिकडे त्याला मंडूसी किंवा गुल्ली डंडा म्हणतात. त्यावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध मारलं गेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं. गहू ज्या प्रकारच्या एन्झाइमांनी हे औषध पचवतो, तशाच एन्झाइमांनी मंडूसीही ते पचवू लागली होती. नवी औषधं आली, पुढे त्यांनाही ती दाद देईना.

तण काही आपल्यासारखं रात्रभर जागून अभ्यास करत नाही! लाखो रोपांत एखाद्यात ही ताकद मुळातच असते. औषधाने बाकीची मरतात, ते उरतं आणि त्याचंच बी रानभर पडतं. तेच औषध पुन्हा मारणं म्हणजे या बियाण्याची आपणच निवड करणं.

मापाचंही तसंच. अनेकदा टोपणाने अंदाजे औषध ओततात. 2005 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवलं, की कमी मात्रेत पुन्हा पुन्हा फवारलं तर रायग्रास हे तण थोड्याच पिढ्यांत प्रतिकारक्षम होतं. मग जास्त ओतावं का? तेही नाही. शिफारस असेल तेवढंच, मोजून.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘वीड’ला तण म्हणतात हे पुस्तकात वाचलं, पण ‘भांगलण’ हा शब्द हॉस्टेलवर आल्यावर कळला. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यामुळे तणनाशक बंद करा असं मी म्हणणार नाही. पण सगळा भार एकाच बाटलीवर नको. औषधाचा गट बदलावा, खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरावं, तण बी धरण्याआधी काढावं.

आणि आपण इंजिनिअर काय करणार? फायनल इयरला तोच तो प्रोजेक्ट झेरॉक्स करण्यापेक्षा उसाच्या सरीत चालेल असं स्वस्त, हलकं कोळपणी यंत्र करून बघू. लोखंडाचं पातं पचवणारं तण अजून जन्माला आलेलं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी याच उसाच्या बिलातून भरली जाते. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की वडिलांना एवढं जरूर विचारा, “गेल्या वर्षी कोणतं औषध मारलं होतं?”