नदालची पॅरिसवारी

पॅरिसच्या रोलाँ गॅरोस संकुलात राफेल नदालचा पोलादी पुतळा उभा आहे. २०२१ साली तो बसवला तेव्हा नदाल निवृत्त झालेला नव्हता. पुतळ्यातला माणूस त्याच संकुलात सामने खेळायला येत होता. खेळाडू खेळतो आहे तोवरच त्याचा पुतळा उभारायचा, आणि तोही परदेशी खेळाडूचा, ही फ्रेंच माणसाची दिलदारी म्हणायची. पण ज्याने तिथली स्पर्धा एकूण चौदा वेळा जिंकली त्याला परदेशी तरी कसे म्हणावे?

२०२४ च्या ऑलिम्पिकचे टेनिस याच संकुलात, याच लाल मातीवर व्हायचे होते. एखादा लेखक नदालसाठी शेवटचा अंक लिहायला बसला असता तर त्याने दुसरे स्थळ निवडले नसते. अडचण एकच होती. ऑलिम्पिकमध्ये एकेरीच्या जागा ६४. त्यातल्या बहुतेक १० जून २०२४ च्या जागतिक क्रमवारीवरून भरायच्या. आणि त्या सुमाराला नदालचा क्रमांक होता पावणेतीनशेच्या घरात! पुतळ्याला क्रमवारी लागत नाही, माणसाला लागते.

हा माणूस इतका खाली घसरला कसा, हे पाहण्यासाठी दीड वर्ष मागे जावे लागते. १८ जानेवारी २०२३. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेची दुसरी फेरी. नदाल गतविजेता, पहिला मानांकित; समोर अमेरिकेचा मॅकेन्झी मॅकडोनल्ड. दुसऱ्या सेटमध्ये एका चेंडूसाठी धावताना नदालच्या डाव्या कमरेच्या खुब्याजवळ काहीतरी तुटले. त्याने सामना सोडला नाही. लंगडत, कसाबसा सर्व्हिस करत तो ६-४, ६-४, ७-५ असा हरला. तपासणीत निघाले ते इलिओसोआस या स्नायूचे फाटणे. कण्यापासून निघून खुब्यावरून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा हा स्नायू. मांडी उचलायची, पाऊल पुढे टाकायचे, झेप घ्यायची, ती याच्या जोरावर. टेनिसपटूच्या दृष्टीने दुखावण्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडायची नाही.

सहा ते आठ आठवड्यांत बरे होईल, असा अंदाज सांगण्यात आला. आठ आठवडे गेले, सोळा गेले. २० मार्च २०२३ ला नदाल पहिल्या दहांतून बाहेर पडला. एप्रिल २००५ पासून सलग ९१२ आठवडे तो त्या दहांत होता! मे महिन्यात त्याने मायोर्का बेटावरच्या आपल्या मनाकोर गावी पत्रकारांना बोलावून सांगितले, की यंदा पॅरिसला येणे नाही आणि पुढचे वर्ष बहुधा आपले शेवटचे असेल. २ जूनला बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्याचा सदतिसावा वाढदिवस होता.

इथे टेनिसच्या क्रमवारीचे गणित समजून घेतले पाहिजे. खेळाडूला मिळालेले गुण बँकेतल्या ठेवीसारखे कायम राहत नाहीत. ते बावन्न आठवडे टिकतात. मागच्या वर्षी एखाद्या स्पर्धेत मिळवलेले गुण यंदा त्याच सुमाराला गळून पडतात, आणि यंदा तुम्ही अंथरुणावर असाल तर त्यांच्या जागी शून्य येते. म्हणजे जखमी खेळाडू काहीही न करता दर आठवड्याला खाली सरकत असतो. जानेवारी २०२४ मध्ये नदाल ब्रिस्बेनला पुन्हा कोर्टवर उतरला तेव्हा त्याचा क्रमांक ६७२ झाला होता.

मग पावणेतीनशेव्या क्रमांकाच्या माणसाला ऑलिम्पिकची आशा तरी कशाच्या बळावर होती? पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये ‘प्रोटेक्टेड रँकिंग’ नावाची एक सोय आहे. राखीव क्रमांक म्हणा. दुखापतीमुळे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ खेळू न शकलेल्या खेळाडूच्या दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमांकांची सरासरी काढतात आणि तो आकडा त्याच्या नावावर राखून ठेवतात. परतल्यावर ठराविक मुदतीत, ठराविक स्पर्धांसाठी तो वापरून प्रवेश घेता येतो. नदालची सरासरी आली ९. म्हणजे २०२४ च्या पूर्वार्धात नदाल दोन होते. एक क्रमवारीतला, खाली कुठेतरी हरवलेला. दुसरा कागदावरचा, नववा.

या सोयीबद्दल कुरकुरणारेही असतात. आज जो खेळत नाही त्याला कालच्या कमाईवर आत का घ्यायचे? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण ही सोय नसती तर स्नायू तुटलेल्या प्रत्येक खेळाडूला पुन्हा छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती करेपर्यंत बरा झालेला स्नायू दुसऱ्यांदा तुटला असता. आपल्याकडच्या वाचकांना सानिया मिर्झाचे उदाहरण आठवेल. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुलगा झाल्यावर ती दीर्घकाळ कोर्टपासून दूर होती. परतल्यावर महिलांच्या क्रमवारीतली अशीच सवलत तिच्या कामी आली. तिचाही राखीव क्रमांक योगायोगाने ९ होता. त्याच आधारावर अंकिता रैनाला जोडीला घेऊन ती टोकियो ऑलिम्पिकची दुहेरी खेळली. दोघी पहिल्याच फेरीत युक्रेनच्या किचेनोक जुळ्या बहिणींकडून हरल्या, ही गोष्ट वेगळी. त्या जुळ्यांतली नादिया जानेवारी २०२० मध्ये होबार्टला सानियाची जोडीदार होती आणि तिथे दोघींनी विजेतेपद मिळवले होते!

राखीव क्रमांकाने दार उघडते, पण आत बसायला पाट मिळत नाही. मानांकन ठरवताना हा क्रमांक धरत नाहीत. बिगरमानांकित म्हणून कार्यक्रमपत्रिकेत नाव पडले, की पहिल्याच दिवशी कुणाशीही गाठ पडू शकते. शिवाय ऑलिम्पिकची आणखी एक अट असते. खेळाडूने देशाच्या डेव्हिस चषक संघासाठी हजेरी लावलेली असावी. दीर्घ दुखापत किंवा संघाची दीर्घ सेवा अशा कारणांनी त्यात सूट मिळू शकते. स्पेनला डेव्हिस चषक पुन:पुन्हा जिंकून देणाऱ्या नदालच्या बाबतीत ही अट फारशी आड येणार नव्हती. एका देशाचे चारच खेळाडू एकेरीत, हाही नियम होता.

कागद जमला. शरीराचे काय?

ब्रिस्बेनला पहिले दोन सामने त्याने सहज जिंकले. तिसऱ्यात जॉर्डन थॉम्प्सनविरुद्ध विजयाचे गुण हातात असताना तो हरला आणि खुब्याजवळच पुन्हा बारीकसा तडा गेला. ऑस्ट्रेलियन स्पर्धा न खेळताच तो घरी परतला. मग दोहा नाही, इंडियन वेल्स नाही, मोंते कार्लो नाही. एप्रिलमध्ये बार्सिलोनाला एक विजय, एक पराभव. माद्रिदला मात्र तीन सामने जिंकले. त्यात बार्सिलोनात आपल्याला हरवणाऱ्या अलेक्स दि मिनॉरची परतफेडही होती. रोममध्ये पुन्हा घसरण, हुबर्ट हुर्काचकडून ६-१, ६-३.

नदालच्या खेळाची जातच अशी, की ती शरीराकडून सावकारी व्याज वसूल करते. प्रत्येक चेंडूमागे धावायचे, प्रत्येक फटक्याला मनगट आणि खांदा पिळून चेंडूला भोवऱ्यासारखी फिरकी द्यायची. डाव्या पायाच्या हाडाचा म्युलर-वाइस नावाचा विकार तर २००५ पासूनचा सोबती. २०२२ ची फ्रेंच स्पर्धा त्याने पाय बधिर करणारी इंजेक्शने घेऊन जिंकली. चेन्नईच्या प्रेक्षकांनी या व्याजाचा हिशेब फार पूर्वीच पाहिला आहे. २००८ साली तिथल्या उपान्त्य सामन्यात आपलाच देशबांधव कार्लोस मोया याच्याशी तो जवळजवळ चार तास झुंजला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाईल युझ्नीकडून ६-०, ६-१ असा उडाला. पायांत जीवच उरला नव्हता. (नदालचे भारताशी नाते चेन्नईपुरते नाही. आंध्रातल्या अनंतपूरला त्याच्या प्रतिष्ठानची मुलांसाठी टेनिसशाळा २०१० पासून आहे, ती व्हिसेंते फेरर यांनी उभारलेल्या संस्थेच्या साथीने. हे फेरर अनंतपूरला जाण्याआधी आपल्या मनमाडला काम करत होते.)

ऑलिम्पिक आणि दुखापत ही जोडीही त्याच्या आयुष्यात जुनी. २००८ ला बीजिंगमध्ये एकेरीचे सुवर्ण. २०१२ ला लंडनमध्ये तो स्पेनचा ध्वजधारक होणार होता, पण गुडघ्याने दगा दिला आणि ध्वज बास्केटबॉलपटू पाव गासोलने वाहिला. २०१६ ला मनगट दुखावल्याने तो पॅरिसची स्पर्धा अर्ध्यात सोडून गेला, विम्बल्डनला गेलाच नाही, आणि अडीच महिन्यांनी थेट रिओत उतरून मार्क लोपेझबरोबर दुहेरीचे सुवर्ण घेऊन आला. म्हणून तर २०२४ मध्ये त्याचे सामने पाहताना जाणकारसुद्धा ‘संपला’ असे म्हणायला धजत नव्हते.

मे महिन्यात फ्रेंच स्पर्धेची सोडत निघाली आणि बिगरमानांकित असण्याची किंमत कळली. पहिल्या फेरीतच गाठ चौथ्या मानांकित अलेक्झांडर झ्वेरेवशी, जो नुकताच रोम जिंकून आला होता. या दोघांची पॅरिसमधली आधीची भेट २०२२ च्या उपान्त्य सामन्यातली. त्या दिवशी झ्वेरेवचा घोटा असा मुरगळला होता, की त्याला चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले. आता जायबंदी होऊन परतलेला तो नव्हता, नदाल होता. २७ मे रोजी झ्वेरेवने ६-३, ७-६, ६-३ असा विजय मिळवला. या स्पर्धेत नदाल पहिल्या फेरीत हरल्याची ही पहिलीच आणि एकमेव वेळ. तिथल्या ११६ सामन्यांत ११२ विजय आणि चार पराभव, हा त्याचा अखेरचा हिशेब.

लोकांचे डोळे पाणावले; पण खेळ जाणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. दुसऱ्या सेटमध्ये सामना जिंकता येण्याजोगा होता. पाय हलत होते. माद्रिदपेक्षा हा नदाल बरा होता.

जूनमध्ये स्पेनने संघ जाहीर केला आणि राखीव क्रमांकाच्या आधारे नदालचे नाव त्यात आले. दुहेरीत जोडीदार कार्लोस अल्काराझ. त्याच सुमारास नदालने विम्बल्डन न खेळण्याचे ठरवले. दोन वेळा जिंकलेली स्पर्धा सोडणे सोपे नसते, पण निर्णय शहाणपणाचा होता. मातीवर चेंडू उंच येतो आणि खेळाडूला घसरत थांबता येते. गवतावर चेंडू खाली राहतो, पाय एकदम रोवावा लागतो आणि कमरेतून वाकावे लागते. नेमका तिथेच तर टाका होता. महिन्याभरात माती, गवत, पुन्हा माती ही कसरत अडतीस वर्षांच्या देहाला झेपली नसती. त्याऐवजी तो स्वीडनच्या बोस्टाडला मातीवर खेळला, एका सामन्यात चार तास टिकला आणि अंतिम फेरीत नुनो बोर्जेसकडून हरला. ऑलिम्पिक तेव्हा पाच दिवसांवर होते.

२६ जुलैच्या रात्री, पावसात, झिनेदिन झिदानने ऑलिम्पिकची ज्योत नदालच्या हाती दिली. दोन दिवसांनी मांडीला पट्टी बांधून त्याने हंगेरीच्या मार्टन फुचोविचला ६-१, ४-६, ६-४ असे हरवले. दुसऱ्या फेरीत नोव्हाक जोकोविच. दोघांची ही साठावी गाठ. ६-१, ४-० असा जोकोविच पुढे गेला तेव्हा ते पाहवत नव्हते. मग अचानक जुना नदाल जागा झाला, चार गेम ओळीने घेतले, ४-४ केले. तेवढेच. दुसरा सेट जोकोविचने ६-४ असा घेतला.

आणि हा जोकोविच तरी धडधाकट होता का? जूनच्या आरंभी याच मातीवर खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. ५ जूनला शस्त्रक्रिया, महिन्याभरात तो विम्बल्डनला, आणि ४ ऑगस्टला, शस्त्रक्रियेपासून बरोबर साठाव्या दिवशी, अल्काराझला दोन टायब्रेकरमध्ये हरवून ऑलिम्पिक सुवर्ण. गुडघ्याची कूर्चा आणि खुब्याचा स्नायू यांची तुलना करायची नसते, हे खरेच. तरी दोन शरीरांचा दुरुस्तीचा वेग इतका वेगळा पाहून डॉक्टरांनाही कोडे पडावे.

नदाल आणि अल्काराझ दुहेरीत दोन सामने जिंकले. ३१ जुलैला उपान्त्यपूर्व फेरीत अमेरिकेचे ऑस्टिन क्रायचेक आणि भारतीय वंशाचा राजीव राम यांनी त्यांना ६-२, ६-४ असे हरवले. नदालने प्रेक्षकांना हात केला, पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला. १० ऑक्टोबरला त्याने निवृत्ती जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये मालागाला डेव्हिस चषकात नेदरलँड्सच्या बोटिक व्हान द झांडस्खुल्पविरुद्ध तो शेवटचा सामना खेळला. तोही ६-४, ६-४ असा हरला.